रात्रीच्या सात गोळ्या

माधवनगरात राजमतीअव्वाला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं येऊन सांगावं. सत्तावन्न वर्षांची बाई, अंगानं काडी, पण पायाला भिंगरी. जेवतानाही एक गुडघा उभा, म्हणजे मधेच उठायला बरं. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचनाला बायका मांडी घालून बसत तेव्हा ही मागच्या खांबाशी उभी, आणि तिथूनही हळूच सटकून बाहेरच्या चपलांची रांग सरळ करून यायची. तिचा नवरा श्रेणिकअण्णा. उभं आयुष्य यंत्रमागाच्या खटखटाटात गेलेला माणूस, स्वतः फारसं बोलत नसे. पण एकदा म्हणाला होता, "शेड बंद केली तवा वाटलं, आता कानाला आराम. पण घरात ही हाय की."

तिच्या घरात पाण्याला मोठा मान. आडाचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं, आणि फडक्यात अडकलेला बारीकसा जीवही मरू नये म्हणून ते फडकं पुन्हा आडातच अलगद खळबळून यायचं. शेजारणींनी मशिनं बसवली, अव्वाचं फडकं काही सुटलं नाही. दुसरा मान सूर्याला. सूर्य मावळला की अन्न बंद आणि पाणीही बंद. रात्री ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं तरी घशाखाली घोट जायचा नाही. हा नियम तिनं एकोणिसाव्या वर्षी घेतला आणि अडतीस वर्षांत एकदाही मोडला नाही. बस्तीतल्या बायका त्याचं कौतुक करत. अव्वा कौतुकासाठी थांबत नसे, पण ऐकून मात्र जात असे.

मुलगा एकच, भरतेश. सांगलीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. त्याची बायको ब्राह्मी प्राथमिक शाळेत बाई. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. एकदा दिवस गेले होते, ते दुसऱ्याच महिन्यात संपलं. मग मिरजेला डॉक्टर माया कांबळे यांच्याकडं उपचार सुरू झाले आणि त्या उन्हाळ्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर एक नव्हे, दोन ठोके दिसले.

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत विचारलं, "घरात पूर्वी कुणाला जुळी झालीत का?"

"न्हाई," राजमतीअव्वा खुर्चीतून उठतच म्हणाली. "आमच्यात कुनालाच न्हाई."

आणि पर्स काखेत मारून ती बाहेर गेली. ब्राह्मीला वाटलं, सासूला आनंदानं बसवत नाही. ते खोटं नव्हतं. खोटं होतं ते उत्तर.

एकोणिसाव्या वर्षी राजमती वारणेकाठच्या खेड्यात सासरी होती. पहिलटकरीण, सातवा महिना, आणि पोट एवढं की सुईण हात फिरवून म्हणाली, दोन आहेत. हळदीची भांगलण, म्हणजे खुरपणी, चालू होती. सपाट रानात बायकांना आडोसा नाही, म्हणून सगळ्याजणी सकाळी घोटभर पाणी पिऊन निघत आणि दुसरा घोट घरी आल्यावर. राजमतीही तसंच करायची. मग एका दुपारी तिला हुडहुडी भरली. चार वाकळा घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. पाठीत उजव्या अंगाला अशी कळ, की कुशीवर वळवेना. तिसऱ्या दिवशी ती बाळंत झाली. दोन मुलगे. एक दुपारपर्यंत होता, दुसरा दिवेलागणीपर्यंत.

सासूनं कपाळ बडवून घेतलं आणि मग विचारलं, आठ दिवसांपूर्वी सूर्य मावळल्यावर तू परसात काय खाल्लंस? राजमतीनं एक पेरू खाल्ला होता. भूक लागली होती, पिकला होता, खाल्ला. "पोटात दोन जीव असताना रात्रीचं खाल्लंस," सासू म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. तिलाही नातवंडं गेल्याचं दुःखच होतं, पण ते ठेवायला तिला जागा पाहिजे होती आणि समोर ही पोर होती. राजमतीनं ते शब्द जसेच्या तसे उचलले. सव्वा महिन्यानं बस्तीत जाऊन नियम घेतला. श्रेणिकअण्णांनी पेरूचं झाड तोडलं. पाच वर्षांनी भरतेश झाला, म्हणजे नियम फळला. त्या दोघांविषयी नवराबायको पुन्हा कधी बोलली नाहीत. राजमतीला तेव्हापासून एका जागी बसवत नाही, हे मात्र कुणी कशाशी जोडलं नाही.

अशा बाईच्या सुनेच्या पोटात दोन बाळं आल्यावर तिच्या जिवाचं काय झालं असेल? चौथा महिना लागला तशी ती ब्राह्मीला घेऊन बस्तीत गेली. चातुर्मासासाठी एक साध्वी, माताजी, आल्या होत्या. अव्वानं हात जोडले. म्हणाली, "हिला रात्रीच्या पाण्याचा नियम द्या, पोरांच्या नावानं."

माताजींनी ब्राह्मीकडं बघितलं. म्हणाल्या, "गरोदर बाईला, आजाऱ्याला सक्ती नसते. जेवण दिवसा करा, बास. पाण्याचं जमेल तेवढं, आणि डॉक्टरांना विचारून."

माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतं. अव्वानं 'जमेल' ऐकलं. वाटेत सुनेला म्हणाली, "जमंल न्हवं तुला?"

"जमेल," ब्राह्मी म्हणाली. वर्गातल्या चाळीस पोरांना दिवसभर प्रश्न विचारणारी ही मुलगी घरात आल्यावर प्रश्न विचारत नसे. शिवाय एकदा हातातून गेलेलं तिनंही पाहिलं होतं. तिलाही काहीतरी घट्ट धरून ठेवायचं होतं.

आता हे बघा. शाळेत बाईमाणसांची मोरी पटांगणाच्या पार टोकाला, तिथं पाणी असलं तर असलं. म्हणून ब्राह्मी शाळेत पाणी प्यायची नाही. घरी यायला पाच वाजायचे. साडेसहा-सातला सूर्य मावळला की बंद. म्हणजे दोन जीव पोटात घेऊन ही बाई दिवसाकाठी चार पेले पाणी पीत होती, आणि तेही बहुतेक दीड-दोन तासांत. अव्वा ते पाणी प्रेमानं गाळत होती, उकळत होती, पेला समोर धरत होती. किती पोटात जातंय, ते कुणी बघत नव्हतं.

सहाव्या महिन्यात लघवीच्या तपासणीत जंतू निघाले. ब्राह्मीला ना जळजळ, ना ताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तक्रार नसली तरी औषध घ्यायचं. जुळ्यांच्या आईला हे सोडून चालत नाही. सात दिवसांच्या एकवीस गोळ्या, सकाळ, दुपार, रात्री नऊ. आणि गोळ्या संपल्यावर आठवड्यानं पुन्हा तपासणी.

घरी अव्वानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "आपुन पाणी गाळून, उकळून पितोय. आपल्यात जंतू कुठनं येनार?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग म्हणाली, "सकाळची घे, दुपारची घे. रातची ऱ्हाऊ दे. पाण्याबिगर गोळी कशी गिळनार? दोन काय कमी हैत?"

सात दिवस गेले. चौदा गोळ्या पोटात गेल्या, सात उरल्या. औषध टाकून देणं तिच्या हातून झालं नाही. कुणा गरजवंताला होतील म्हणून तिनं पाकीट पर्सच्या आतल्या कप्प्यात सारलं. पुन्हा तपासायचं म्हटलं तर भाद्रपदातलं दशलक्षण पर्व चालू होतं, बस्तीत रोज गर्दी, घरात पाहुणे. ब्राह्मीला बरंच तर वाटत होतं. राहून गेलं.

पर्व संपून आठ दिवस झाले असतील. गुरुवारी सकाळी शाळेतून फोन आला. ब्राह्मीला वर्गातच थंडी भरली होती. भरतेश दुकानातून तसाच निघाला, आईला घेतलं, शाळेतून बायकोला गाडीत घातलं. गाडीत ब्राह्मीचे दात वाजत होते. ती पाठीला हात लावून म्हणाली, "अव्वा, इथं. एकाच बाजूला."

राजमतीअव्वाचा हात तिच्या पाठीवर गेला आणि तिथंच गारठला. उजवं अंग. सातवा महिना. तिनं खिडकीबाहेर तोंड केलं आणि मिरज येईपर्यंत आत वळवलं नाही.

दवाखान्यात पटापट हालचाली झाल्या. सलाईन लागलं, पोटावर पट्टे बांधले, दोन बाळांचे दोन ठोके यंत्रातून धावायला लागले. डॉक्टर माया कांबळे यांनी पोटावर हात ठेवला तेव्हा पोट कडक होत होतं, सैल पडत होतं, पुन्हा कडक होत होतं. त्यांनी भरतेशला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. तापानं कळा सुरू होऊ पाहताहेत. अठ्ठावीस आठवडेच झालेत. आत्ता बाळं झाली तर फार लहान होतील. त्यांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतोय, पण खरं म्हणजे ती अजून आतच राहायला हवीत. आजचा आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा." मग कॉटकडं वळून विचारलं, "ब्राह्मी, मागच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होतास ना?"

ब्राह्मीनं तापलेल्या डोळ्यांनी सासूकडं बघितलं. आणि म्हणाली, "हो."

सुनेनं आपल्याला वाचवलं, हे अव्वाला तिथल्या तिथं कळलं. आणि तिला तिथं उभंच राहवेना.

मग ती जी चालायला लागली ती चालतच राहिली. या टोकाच्या खिडकीपासून त्या टोकाच्या जिन्यापर्यंत, जिन्यापासून खिडकीपर्यंत. काखेत पर्स, पर्सच्या आतल्या कप्प्यात सात गोळ्या. सांगावं तर डॉक्टर काय म्हणतील, भरतेश काय म्हणेल? या पोरानं बायकोच्या उपचारासाठी मिरजेच्या किती खेपा घातल्या. सांगू नये तर? सांगून आता काय होणार? औषध तर चालू झालंय. आणि सांगितलंच नाही तर कुणाला कळतंय? पण कळायला कुणी पाहिजेच का? ती खाली गेली, चहाच्या गाड्यापर्यंत गेली, चहा न पिता परत आली. पायऱ्या मोजल्या, विसरली, पुन्हा मोजल्या. हात सारखा पर्सच्या चेनवर.

दीपमाला सिस्टर पाटणची होती. बोलायला फटकळ, हाताला हलकी. ट्रे घेऊन जाता जाता तिनं टोकलंच. "आवं आजी, फरशी झिजवताय का काय? बसा की जरा."

"बसवंना बाई."

"सुनंच्या काळजीनं व्हय? नातवंडं पहिलीच दिसत्यात. पोरं किती तुमाला?"

"एकच," अव्वा म्हणाली. आणि जिन्याकडं वळली.

चार वाजता ती पुन्हा वॉर्डाच्या दारापाशी आली, तेव्हा डॉक्टरीणबाई आत शिकाऊ डॉक्टरला सांगत होत्या. "पूर्ण कोर्स घेऊन सुद्धा जंतू गेला नाही, म्हणजे तो त्या औषधाला दाद देत नसणार. तसं धरूनच वरचं औषध निवडावं लागेल. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस."

अव्वाला सगळं कळलं असं नाही. एवढं कळलं, की आपल्या गप्प बसण्यावर डॉक्टर आता औषध ठरवताहेत. भरतेश तिथंच भिंतीला टेकून होता. तो नसताना सांगावं असा विचार आला, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली. ती आत गेली, चेन उघडली, पाकीट काढलं आणि डॉक्टरीणबाईंपुढं टेबलावर ठेवलं.

"मॅडम, तिनं कोर्स पुरा केला न्हाई. मी करू दिला न्हाई. रातच्या सात गोळ्या ह्या हैत. सूर्य मावळल्यावर आमच्यात पाणी पीत न्हाईत, म्हणून. आन दुसऱ्यांदा तपासायला बी मीच आणलं न्हाई. पोरगी खोटं बोलली ती माझ्यासाठी."

भरतेश सरळ झाला. "अव्वा?" एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा अव्वाला बघवला नाही.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उचललं, रिकामे खड्डे आणि भरलेले खड्डे बघितले. त्या चिडल्या होत्या, ते ओठांवरून कळत होतं. पण आवाज चढवला नाही. "बरं झालं सांगितलंत. औषध निवडायला याचा उपयोग आहे. हे आधीच सांगायला हवं होतं, तेही म्हणते." मग ब्राह्मीच्या पाण्याचं विचारून घेतलं. दिवसाचे चार पेले ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"पण मॅडम," अव्वाच्यानं राहवलं नाही, "आमी पाणी गाळून, उकळून पितोय. जंतू आले कुठनं?"

"पाण्यातून नाही आले. ते आपल्या अंगावर असतातच. पण पोटात दोन बाळं म्हटल्यावर गर्भपिशवी मोठी, तिचा भार लघवीच्या नळ्यांवर. लघवी साचून राहते. त्यात पाणी कमी, त्यात तासन्‌तास आवरून धरायचं. जंतूंना आयतं घर मिळतं. बाईला काही जाणवतही नाही. आणि औषध अर्धं राहिलं की ते वर मूत्रपिंडात चढतात. मग थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला कळ, आणि लक्ष दिलं नाही तर दिवस भरायच्या आधीच बाळंतपण."

अव्वा टेबलाची कड धरून उभी होती. "चार वाकळा घातल्या तरी थंडी थांबत न्हाई," ती म्हणाली. "आन कुशीवर वळवत न्हाई."

"बरोबर. तुम्हाला कसं माहीत?"

अव्वानं टेबलाची कड सोडली. मग विचारलं, "आन मॅडम, पेरू खाल्ल्यानं? सूर्य मावळल्यावर एक पेरू खाल्ला, तर असं हुतंय?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचित्र वाटला असणार. पण समोरच्या बाईचा चेहरा बघून त्या हसल्या नाहीत. "पेरूनं काही होत नाही हो," त्या म्हणाल्या.

राजमतीअव्वा बाहेर आली. तिला राग आला होता. सासूचा म्हणावं तर ती जाऊन वीस वर्षं झाली. स्वतःचा म्हणावं तर कुठल्या राजमतीचा, एकोणीसच्या की सत्तावन्नच्या? अडतीस वर्षं तिनं एका पेरूचा गुन्हा भोगला होता. आणि ज्या दुखण्यानं तिचे दोघं गेले, तेच दुखणं तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या पोटापर्यंत आणून सोडलं होतं. खिडकीशी उभी राहून ती रडली. रडतानाही तिचा एक पाय हलत होता.

साडेसहा वाजून गेल्यावर दीपमाला सिस्टरनं ब्राह्मीच्या उशाशी पाण्याची बाटली आणि दोन पेले ठेवले. "सलाईन हाय म्हणून तोंडानं प्यायचं न्हाई असं न्हाई हां. मॅडमनी सांगितलंय, दर तासाला एक पेला. आजी, तुमच्याकडं हे काम."

खिडकीतून मिरजेच्या छपरांमागं सूर्य गेलेला दिसत होता. दर दिवशी ही वेळ अव्वाला घड्याळाशिवाय कळायची. तिनं पेला भरून ब्राह्मीपुढं धरला. ब्राह्मीचे ओठ कोरडे पडून फुटले होते. तिनं खिडकीकडं बघितलं आणि मान फिरवली.

"अव्वा, सूर्य गेला."

"जाऊ दे. पी."

"नको. सकाळी पिईन की."

"अगं डॉक्टरनं सांगितलंय. माताजींनी बी सांगितलं हुतं, मीच ऐकलं न्हाई. पी बघू."

ब्राह्मीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं. "मी नियम त्यांच्या नावानं घेतलाय. आज मोडला आणि रात्रीत काही झालं, तर मी जन्मभर काय म्हणू, अव्वा? तुम्ही नाही मोडलात कधी. म्हणून तर भरतेश झाले."

अव्वानं हातातला पेला खाली ठेवला. समोर कॉटवर तिला अडतीस वर्षांपूर्वीची मुलगी दिसत होती. उद्या काही वाईट झालं, तर ही मुलगीही एक घोट पाणी आयुष्यभर उरावर घेईल. आणि तिला ते कुणी शिकवलं असेल?

"भरतेश पयला न्हवं," अव्वा म्हणाली.

"म्हणजे?"

"त्याच्या आधी दोन हुते. जुळे. सातव्या म्हैन्यात गेले. अशीच थंडी, अशीच पाठीत कळ. मला सांगितलं, रातचा पेरू खाल्लास म्हणून गेले. मी खरं धरलं. तवापासनं नियम पाळत्ये. मला वाटायचं, पुन्यानं पाळत्ये. न्हाई गं. मी भ्यानं पाळत हुते. आन ते भ्या उचलून मी तुझ्या वटीत घातलं." तिचा आवाज फुटला. "पेरूनं काय झालं न्हवतं, ब्राह्मी. मी आज इचारलं. पेरूनं काय बी हुत न्हाई."

दाराशी भरतेश उभा होता की नाही, ते दोघींनीही बघितलं नाही. अव्वानं दुसरा पेला भरला. बाटलीतलं पाणी गाळलेलं आहे की नाही, हेही तिनं विचारलं नाही. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं अंधारून आल्यावर पेला तोंडाला लावला. पहिला घोट गिळताना तिला वाटलं आता काहीतरी होणार. काही झालं नाही. पाणी कोमट होतं आणि त्याला बाटलीचा वास येत होता. तिनं पेला तळापर्यंत रिता केला, पालथा करून सुनेला दाखवला आणि म्हणाली, "आता तू."

ब्राह्मीनं पेला दोन्ही हातांनी धरला. आणि प्याली.

त्या रात्री दोघींनी तासातासाला पाणी घेतलं. सुनेला एक पेला, सासूला एक घोट. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पोटाचं आवळणं आधी लांबलं, मग थांबलं. रिपोर्ट आला, औषध बदललं, आणि या वेळची शेवटची गोळी संपेपर्यंत अव्वानं मोबाईलमध्ये तीन वेळांचे गजर लावून ठेवले होते. पुढच्या तपासणीला ती ब्राह्मीच्याही आधी जाऊन गाडीत बसली.

घरी आल्यावर ती एकटीच माताजींकडं गेली. सगळं सांगितलं आणि नियम मोडल्याचं प्रायश्चित्त मागितलं. माताजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "स्वतःचा नियम पुन्हा घ्यायचा असेल तर घ्या, पण या वेळी भीतीनं नको. आणि रोज एक माळ करा. एका जागी बसून."

"उभ्यानं चालंल का?" अव्वानं विचारलं. नाही चालणार, असं उत्तर मिळालं. ती रोज बसायची, आणि तीस-पस्तीस मण्यांवर आली की तिला गॅसवरचं दूध आठवायचं.

भरतेश महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. तिनं त्याची समजूत काढायला जाण्याचं धाडस केलं नाही. एका रात्री तो स्वयंपाकघरात आला, ब्राह्मीचा तांब्या आईनं भरून ठेवलेला बघितला, आणि शाळेत न्यायची मोठी बाटली स्वतः धुऊन त्याच्या शेजारी ठेवली. तेवढंच.

दिवाळी होऊन गेल्यावर, पस्तिसाव्या आठवड्यात, ब्राह्मीला दोन मुली झाल्या. एक दोन किलोला थोडी कमी, दुसरी थोडी जास्त. आठ दिवस काचेच्या पेटीत राहिल्या आणि मग घरी जायचा दिवस आला. भरतेशच्या दोन्ही हातांत पिशव्या, श्रेणिकअण्णा दुपट्याची घडी छातीशी धरून भिंतीकडेला उभे, आणि अव्वा या कॉटपासून त्या कॉटपर्यंत फेऱ्या घालतेय. दीपमाला सिस्टर दोन कार्डं घेऊन आली. लसींच्या तारखा समजावून सांगितल्या आणि हसत म्हणाली, "आजी, आता तुमच्या पायांना खरं काम लागलं. तुमी एकच वाढवलाय, ह्या दोघी एकदम कशा झेपायच्या?"

"तीन," राजमतीअव्वा म्हणाली.

"काय तीन?"

"मला तीन झाली. दोन जुळी हुती. ती गेली. मग ह्यो."

भरतेशनं पिशव्या खाली ठेवल्या आणि वडलांकडं बघितलं. तो हे वॉर्डाच्या दारात उभा राहून एकदा ऐकून चुकला होता, पण वडलांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

श्रेणिकअण्णांनी चष्मा काढला, हातातल्या दुपट्यानं डोळे पुसले. "मुलगे हुते," ते म्हणाले. "थोरल्याच्या कपाळावर जावळ लय हुतं."

इतकी वर्षं अव्वाला वाटत होतं, ते जावळ फक्त आपण बघितलं होतं. ती मागं सरली. सिस्टरनं छोटीला तिच्या हातात दिलं, मग मोठीला दुसऱ्या हातात. राजमतीअव्वा बाकावर बसली. गाडी दारात आली, भरतेश दोनदा हाक मारून गेला, तरी ती बसूनच होती.